खुले पत्र: माशांवरच्या उवा मानशीतून नदीत जातात, त्या कोण मोजणार?

गोव्यात मत्स्यशेतीचे परवाने, अनुदान आणि सल्ला देणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

वर कुठल्याही एका खात्याचं नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. परवाना एका टेबलावर मिळतो, अनुदान दुसऱ्या, औषधाचा सल्ला तिसऱ्या. आणि नदीत जाळ्याला लागणारा मासा बहुधा कुणाच्याच टेबलावर नाही. तेव्हा वाचताना ज्यांना हे आपल्यासाठी लिहिलंय असं वाटेल, त्यांनी ते आपलंच समजावं.

मी फोंडा तालुक्यातला. कुंभारजुवे कालव्याच्या काठी, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, दीड एकराच्या तळ्यात चोणक मासा वाढवतो. तळ्याचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत-बाहेर होतं. थोरला भाऊ त्याच कालव्यात होडी घालतो, पाग (फेकायचं जाळं) टाकतो. आई होती तोवर बाजारात मासळी घेऊन बसायची. आमच्या घरात विकायला माझा चोणक असतो आणि जेवायला भावाचा शेवटा (नदीतला मासा). ‘मत्स्यशेतकरी विरुद्ध मच्छीमार’ हा वाद मी पेपरात वाचतो तेव्हा मला आमच्या पडवीतली दोघांची भांडणं आठवतात, आणि त्यांतली निम्मी तरी माझ्या चुकीमुळे झाली हे कबूल करायला हे पत्र बरं निमित्त आहे.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका सभागृहात पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीच्या नव्या योजनेची बैठक झाली. अर्ज दिले, चहा दिला, आणि ज्यांची आधीपासून तळी आहेत त्यांना एक किट दिलं. त्यात खाद्याची पिशवी, खारेपणा तपासायची नळी आणि माशांवरच्या उवा मारायच्या औषधाची बाटली. मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, ‘‘लागलें ना जाल्यार?’’ (लागू पडलं नाही तर?) व्यासपीठावरून उत्तर आलं, ‘‘डोस डबल करात.’’ सगळे हसले. मीही हसलो. बाणस्तारीपर्यंत येता येता माझं हसू जिरलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं.

ज्यांनी ही ऊ कधी हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाव ऊ असलं तरी ती किडा नाही. सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्या यांच्या गोतातली आहे. शास्त्रीय कुळीचं नाव कॅलिगस. पुढून घोड्याच्या नालासारखी चपटी, काचेसारखी पारदर्शक, तीळभर. माशाच्या बुळबुळीत अंगावर टॉर्च तिरका धरला की ती सरकते आणि मगच दिसते. मादीच्या मागे दोन पांढुरक्या दोऱ्या लोंबतात, त्या अंड्यांच्या. अंड्यांतून निघालेली पिल्लं आधी पाण्यात तरंगतात, काही खात नाहीत, प्रवाह नेईल तिकडे जातात. मग एका टप्प्याला त्यांना मासा सापडावा लागतो, नाहीतर मरतात. मासा तळ्यातला की नदीतला, याची त्यांना पर्वा नसते. मानस उघडली की ओहोटीबरोबर ती कालव्यात.

शिगमा होऊन गेला, पाणी खारट होत चाललं की माझ्याकडे हिचा जोर वाढतो. मासा खाद्य सोडतो, खुंट्यांना अंग घासतो, रात्री उड्या मारतो. त्या वर्षी मी सल्ल्याप्रमाणे औषध घातलं. पाच दिवसांनी पुन्हा घातलं. मग दुप्पट घातलं. उवा कमी झाल्यासारख्या वाटल्या आणि तीन आठवड्यांत परत तशाच. वैतागून मी स्वयंपाकघरातल्या तीन वाट्या घेतल्या (बायको अजून बोलते). पहिलीत नुसतं तळ्याचं पाणी, दुसरीत ठरलेल्या मात्रेचं औषध, तिसरीत दुप्पट. प्रत्येकीत दहा दहा उवा सोडल्या. सकाळी पाहिलं तर दुसऱ्या वाटीत सहा चालत होत्या, तिसरीत तीन. याला प्रयोगशाळेतली तपासणी म्हणता येणार नाही, ठाऊक आहे. पण तिसऱ्या वाटीतल्या त्या तीन मी बराच वेळ बघत बसलो. माझ्या तळ्यात पुढची पिढी कुणाची होणार, ते त्या वाटीत दिसत होतं.

त्याच आठवड्यात दुप्पट मात्रेचं पाणी मी ओहोटीला मानशीतून सोडलं. दुसऱ्या दिवशी मानशीच्या तोंडाशी चिखलावर नखाएवढ्या कुर्ल्यांची पिल्लं उताणी पडली होती. उवेला मारायला निघालेलं औषध तिच्या भावकीला सोडत नाही. भाऊ काही बोलला नाही. पाग खांद्यावर टाकून दुसऱ्या अंगाला गेला.

आता मुद्द्याचं. औषध लागू पडेनासं होतं म्हणजे बाटली खराब निघाली, असं आपल्याकडे अजून समजलं जातं. मीही दुकानदाराशी भांडून आलो होतो. खरं कारण उवेच्या वंशात असतं. लाखो उवांमध्ये एखाद्या उवेच्या जनुकात मुळातच एखादं अक्षर वेगळं असतं. औषध नसताना त्या अक्षराने तिचा फायदा होत नाही, कधी तोटाही होतो. औषध पडलं की बाकीच्या मरतात आणि रान तिला मोकळं.

सालमन या थंड समुद्रातल्या माशावरच्या उवेत हे फार बारकाईने तपासलं गेलं आहे, कारण नॉर्वेत वर्षाला दहा लाख टनांहून जास्त सालमन पिंजऱ्यांत वाढतो आणि तिथे या उवेने पैशाचा चुराडा केला. ॲझामेथिफॉस नावाचं फॉस्फरसवर्गातलं औषध उवेच्या मज्जातंतूंतल्या एका एन्झाइमला पकडतं. हे एन्झाइम म्हणजे एक प्रथिन, अमिनो आम्लांच्या दाण्यांची माळ. तिच्यात ३६२व्या जागी फेनिलअलानिन नावाचा दाणा असायला हवा. तिथे टायरोसिन बसलं की औषधाची पकड सुटते. एवढ्या मोठ्या प्रथिनात एक दाणा बदलला आणि औषध कुचकामी. डेल्टामेथ्रिनचं वेगळंच. गोठ्यात गोचिडीला आणि घरात डासांना आपण वापरतो तेच हे औषध. त्याला दाद न देण्याचा गुण सालमनच्या उवेत मुख्यतः मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएबरोबर, म्हणजे आईकडून येतो. अशी एक मादी वाचली की तिची झाडून सगळी पोरं त्या गुणाची. मी मोजून ठेवलेल्या त्या तीन उवांपैकी दोघींच्या मागे दोऱ्या होत्या.

आणि एमामेक्टिन. मिरची-भेंडीवरच्या अळीला फवारतात ते. खाद्यातून देता येतं म्हणून सालमनवाल्यांना ते वरदान वाटलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, की या औषधाला न जुमानणाऱ्या उवांची खूण उत्तर अटलांटिकच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अकरा वर्षांच्या आत पसरली होती. समुद्र ओलांडून. आपल्याकडे एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत मधे एक बांध असतो, आणि त्या बांधालाही मानस असते.

‘‘नॉर्वे कुठे, आपण कुठे?’’ असं मला त्या बैठकीनंतर एका अधिकाऱ्याने विचारलं. बरोबर आहे, नॉर्वे लांब आहे. म्हणून चिली घ्या. तिथली ऊ आपल्याच कॅलिगस कुळीची. सालमन बाहेरून आणलेला, पण ऊ तिथलीच, किनाऱ्यावरच्या रानटी माशांची. पिंजरे आले, तिला दाटीवाटीने राहणारं नवं गिऱ्हाईक मिळालं. २००० ते २००७ या काळात तिथे उवेवर एमामेक्टिन हे एकच औषध चाललं. सात वर्षांत त्याची धार गेली. आपल्याकडे त्या बैठकीत किती औषधं वाटली? एक. सगळ्यांना तेच.

शिवाय थंड पाण्यात, दहा अंशांच्या आसपास, सालमनच्या उवेला एक पिढी काढायला दीड महिना लागतो. कालव्याचं पाणी एप्रिलमध्ये हात घालून बघा. इथे पिढ्या त्यांच्यापेक्षा कितीतरी भराभर फिरतात, म्हणजे औषध बोथट व्हायला आपल्याला सात वर्षंसुद्धा मिळणार नाहीत अशी माझी भीती आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि बैठकीत तिचा उच्चारही झाला नाही. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एमामेक्टिन अटलांटिकपेक्षा बरीच वर्षं जास्त टिकलं. त्याचं कारण शास्त्रज्ञ असं देतात, की तिथे समुद्रात रानटी सालमन अजून भरपूर होते. त्यांच्या अंगावरच्या उवांना कधी औषध लागलेलं नाही. त्या साध्या उवा पिंजऱ्यांतल्या उवांशी मिसळत राहतात, आणि औषधाला न जुमानणारं अक्षर पातळ होत राहतं. पुढे तिथेही औषध ढिलं पडत गेलं, पण वर्षं मिळाली ती रानटी माशांमुळे.

मला हे कळलं तेव्हा मी भावाला पडवीत बसवून सांगितलं. माझ्या तळ्यातलं औषध जे काही लागू पडतंय ते त्याच्या जाळ्यातल्या शेवट्यांच्या, काळुंदरांच्या आणि नदीतल्या चोणकांच्या जिवावर. नदीतला मासा कमी झाला आणि तळी-पिंजरे वाढले, की माझी बाटली पाणी. त्याने विचारलं, ‘‘मगे तूं म्हाका कितें दितलो?’’ मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मी आपल्याकडे मागतो आहे.

माझ्या तक्रारी आता सरळ मांडतो.

पहिली तक्रार अर्जाची. अकरा पानी अर्ज आहे. आधार, बँकेचं पासबुक, एक-चौदाचा उतारा, शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला, सगळं मागितलंय. मागच्या हंगामात माशांवर कोणता परजीवी होता, कोणतं औषध कितीदा घातलं, लागू पडलं का, यासाठी अख्ख्या अर्जात एक ओळ नाही. बोटाएवढं बीज आणताना त्याच्या अंगावर काही आहे का हेही कुणी विचारत नाही. याच गोव्यात बांधकामावरच्या मजुराला मलेरियाची रक्ततपासणी करून कार्ड घ्यावं लागतं. परजीवी माणसाबरोबर प्रवास करतो हे आपल्याला पटलं. माशाबरोबर करतो हे का पटू नये?

दुसरी, फुकटच्या बाटलीची. फुकट मिळालं की गरज नसतानाही पडतं. ‘‘एक्सपायरी येता, घालून सोड,’’ हे मी शेजारच्या तळ्यावर कानांनी ऐकलंय. थोडं थोडं, वारंवार, तेच ते औषध: उवेला शिकवणी लावायची तर यापेक्षा चांगली पद्धत नाही.

तिसरी तक्रार माझी व्यक्तिगत आहे. वाट्यांचा प्रकार झाल्यावर मी पंधरा-वीस उवा स्पिरिटच्या बाटलीत घालून एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाई चांगल्या वागल्या, खुर्ची दिली. मग म्हणाल्या, हे घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. मेलेला मासा असेल तर बघू. दुसरीकडे गेलो तर तिथे बॅक्टेरिया बघतात, ऊ नाही. तिसरीकडे साहेब रजेवर. बाटली परत घरी आली. औषधाला न जुमानणारी ऊ या राज्यात आहे की नाही, हे कुणाला सांगायचं असेल तर ते सांगायला खिडकीच नाही.

चौथी खाजनाची, आणि ती मला सर्वांत जास्त लागते. आमच्या वाडवडिलांना जनुक ठाऊक नव्हते, पण त्यांच्या खाजनात उवेचा बंदोबस्त आपोआप होता. पावसाळ्यात गोडं पाणी, कोरगुट भात. भात कापल्यावर खारं पाणी आत, मग सुंगटं-मासळी, आणि पुन्हा पाऊस आला की मोकळं. खाऱ्या पाण्यातल्या उवेला गोडं पाणी सोसत नाही; सालमनवालेही आता लाखो रुपये खर्चून मासे गोड्या पाण्यात बुचकळतात. आपल्याला ते दरवर्षी जूनमध्ये फुकट मिळत होतं. आता अनुदान मिळतं ते बारमाही तळ्याला आणि पिंजऱ्याला. जो भात-मासळीचा जुना क्रम चालवतो त्याला ‘क्षेत्राचा पूर्ण वापर होत नाही’ असा शेरा बसतो. माझ्या चुलतभावाच्या अर्जावर तो बसलाय.

कायद्याची अडचण आहे असंही नाही. किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा २००५चा कायदा आहे, २०२३च्या दुरुस्तीने पिंजऱ्यांतली मत्स्यशेतीही त्याच्या कक्षेत आली. नियम करायला हात बांधलेले नाहीत.

आता मागण्या. एकही मागणी कोटी रुपयांची नाही.

किटमधली औषधाची बाटली ताबडतोब बंद करा. ज्याला गरज आहे त्याला मासा तपासून, लेखी सल्ल्यावर औषध द्या, आणि पहिल्या मात्रेनंतर उवा किती उरल्या हे पाहिल्याशिवाय दुसरी देऊ नका. ‘डबल करात’ हा सल्ला व्यासपीठावरून दिला गेला, तेव्हा तो मागे घेतल्याचंही तिथूनच सांगा.

प्रत्येक अनुदानित तळ्यात आणि पिंजऱ्यात महिन्यातून एकदा ठरावीक मासे पकडून उवा मोजायच्या, आणि आकडा लोकांना दिसेल असा लावायचा. नॉर्वेत सरासरी दोन माशांमागे एक प्रौढ मादी, ही वरची मर्यादा आहे. वसंतात सालमनची रानटी पिल्लं नदीतून समुद्रात जातात तेव्हा ती पाच माशांमागे एकीवर आणतात. प्रत्येक ठिकाणचा आठवड्याचा आकडा कुणालाही बघता येतो. २०१७पासून तिथल्या किनाऱ्याचे तेरा भाग करून, उवांमुळे रानटी सालमनचं किती नुकसान होतं त्यावरून हिरवा, पिवळा, तांबडा ठरवतात: हिरव्याला वाढायची मुभा, तांबड्याला कपात. आपला आकडा त्यांच्याएवढाच असावा असं मी म्हणत नाही. आपला आकडा आपण ठरवू. पण असू द्या.

औषधाची वही ठेवायला लावा. कधी, कोणतं, किती, लागू पडलं का. मी माझी गेल्या दोन वर्षांची वही उघडी करायला तयार आहे, त्यात मला लाज आणणारी पानं आहेत तीसुद्धा. औषध घातलेलं पाणी किती दिवस कोंडून ठेवायचं आणि मानस कधी उघडायची याचाही नियम त्यातच येऊ द्या.

उवेचा नमुना घेणारी एक खिडकी उघडा. दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था आहे, जुन्या गोव्याला शेती संशोधन संस्था आहे, ताळगावला विद्यापीठ आहे. डीएनए वाचणारी यंत्रं आणि माणसं या राज्यात आहेत. त्यांच्याशी करार करायला एक पत्र लागतं. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरिया १९७३ साली आसामात पहिल्यांदा नोंदवला गेला, तो कुणीतरी रक्त तपासून मोजत बसलं म्हणून. मोजलं नसतं तर डॉक्टर गोळ्या वाढवत राहिले असते.

नदीतला मासाही तपासा, आणि तो आणून देणाऱ्याला त्याचे पैसे द्या. पागवाल्याला, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकाराला, मानशीवर जाळं लावणाऱ्याला महिन्याचे काही मासे द्यायला सांगा आणि बाजारभावाने मोबदला द्या. पिंजऱ्याचा परवाना देण्याआधी त्या पट्ट्यातल्या रानटी माशांवर उवा किती आहेत याचा आकडा हातात हवा. नंतर घेतलेल्या आकड्याची तुलना करायची कशाशी? भावाने विचारलेल्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर यात आहे.

आणि जो पावसाळ्यात तळं रिकामं ठेवतो, भात घेतो, त्याच्या अर्जावरचा तो शेरा खोडा. एका मानशीवर जितकी तळी आहेत त्यांनी एकाच वेळी रिकामी ठेवली तर त्यांना जास्त अनुदान द्या. एकाने ठेवून उपयोग नाही, हे मला माझ्या शेजाऱ्याने शिकवलंय.

पिंजऱ्यांना माझा विरोध नाही, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर पुढच्या बैठकीत मला विरोधकांच्या रांगेत बसवतील. चोणकाच्या पैशांवर माझी मुलगी शिकली. मला हा धंदा अजून वीस वर्षं करायचा आहे, आणि भावाला पाग टाकायचा आहे.

किटमधली माझी बाटली मी उघडलेली नाही. येत्या सोमवारी कार्यालयीन वेळेत ती परत आणून देणार आहे. कुणीतरी घेऊन पावती द्यावी. उवांची बाटली कपाटात आहे. तिच्यावर तारीख, तळ्याचा खारेपणा आणि घातलेल्या औषधाचं नाव लिहून ठेवलंय. ती कुठे आणून द्यायची, तेवढं कळवा.

आपला,
कुंभारजुवे कालव्याकाठचा एक मत्स्यशेतकरी